हवेचा आकडा नेमका कुठल्या गावचा?

मोबाईलवर ‘यवतमाळ’ टाकलं की हवेच्या गुणवत्तेचा आकडा लगेच समोर येतो. हिरवा नाहीतर पिवळा रंग, शेजारी तापमान, पावसाची शक्यता. बघणारा धरून चालतो की हा आकडा सरकारचा आहे आणि आपल्याच गावात मोजलेला आहे. पुष्कळदा यातलं काहीच खरं नसतं. अनेक खासगी ॲप उपग्रहांची निरीक्षणं, वारा, तापमान आणि दूरच्या केंद्रांची माहिती एकत्र करून संगणकावर अंदाज काढतात. अंदाज म्हणून त्याला किंमत आहे, पण त्याला मोजणी म्हणता येत नाही. सरकारी आकडा ओळखण्याची खूण सोपी आहे: त्याच्याबरोबर केंद्राचं नाव असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर चंद्रपूर उघडलं, तर शहरातलं केंद्र आणि खुटाळा एमआयडीसीतलं केंद्र अशी वेगवेगळी नावं दिसतात. केंद्राचं नाव नसेल, तर त्या आकड्यामागे तुमच्या गावातलं यंत्र आहे असं मानू नका.

दोन ॲपवर दोन आकडे दिसले की ‘सरकार आकडे दाबतं’ असं लोक लगेच म्हणतात. याचं कारण बहुधा मोजपट्टीत असतं. भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. त्याच्या पायऱ्या अमेरिकेच्या निर्देशांकाहून वेगळ्या आहेत आणि अनेक परदेशी ॲप अमेरिकी पायऱ्या वापरतात. समजा, हवेत पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम आहेत. भारतीय निर्देशांकात हे साधारण ९२ होतात, म्हणजे ‘समाधानकारक’. अमेरिकी पद्धतीने तेच १४९ होतात आणि दमेकऱ्यांना, मुलांना, म्हाताऱ्यांना जपायला सांगितलं जातं. हवा तीच, कण तेवढेच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस तर याच कणांसाठी २४ तासांना १५ मायक्रोग्रॅमची आहे; आपलं राष्ट्रीय मानक ६० चं आहे. म्हणून तुलना करायची असेल तर निर्देशांक सोडून मायक्रोग्रॅम विचारावेत.

आणखी एक समज असा की निर्देशांक म्हणजे या घडीची हवा. सरकारी निर्देशांक मागच्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो (कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन यांच्यासाठी ८ तास धरतात). रोजचं राष्ट्रीय पत्रक दुपारी ४ वाजता निघतं. धुळीच्या बाबतीत या सरासरीचा परिणाम मोठा असतो. समजा, कोळशाच्या रस्त्यालगत एका तासात पीएम १० म्हणजे जाडसर धूळ १००० मायक्रोग्रॅमवर गेली आणि उरलेले २३ तास ती ८० राहिली. दिवसाची सरासरी येते ११८ आणि निर्देशांक साधारण ११२, म्हणजे ‘मध्यम’. त्या एका तासात रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलाने काय श्वासात घेतलं, ते या आकड्यात दिसत नाही. आकडा खोटा नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

‘प्रदूषित शहरांच्या यादीत यवतमाळ नाही, म्हणजे आपली हवा स्वच्छ’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. विदर्भातून त्यात नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर आली. यवतमाळ आलं नाही. पण या यादीत प्रामुख्याने अशी शहरं आहेत, जिथं सलग पाच वर्षं मोजणी होऊन मानक ओलांडलं गेल्याचं दिसलं. मर्यादा ओलांडल्याचं सिद्ध व्हायला आधी मोजणी व्हावी लागते. शिवाय ही यादी शहरांची आहे. खाणीजवळचं खेडं कितीही धुळीत असलं तरी ते तिच्यात बसणारच नाही.

यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा, सोळा तालुक्यांचा. पैनगंगेकाठच्या उमरखेडची हवा आणि वर्धेकाठच्या वणीची हवा यांना एक आकडा लावण्यात काही अर्थ नाही. वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उकणी, निलजई, मुंगोली अशा खाणी आहेत, राजूरला चुनाभट्ट्या आहेत, झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना आहे. वर्धा नदी ओलांडली की घुग्घुस. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि तो पट्टा ‘अतिगंभीर’ ठरला. त्या पट्ट्यात घुग्घुसही होतं. जिल्ह्याची हद्द नदीवर संपते, धूर आणि धूळ तिथं थांबत नाहीत.

या भागात एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. ‘हवेचं मानक सगळीकडे एकच’ असं आपण धरून चालतो. पीएम १० साठी राष्ट्रीय मानक २४ तासांना १०० आणि वर्षाला ६० मायक्रोग्रॅम आहे. कोळसा खाणींसाठी मात्र केंद्र सरकारने २५ सप्टेंबर २००० रोजी वेगळी मानकं काढली. जुन्या कोळसा क्षेत्रांच्या ज्या गटात वर्धा क्षेत्र येतं, त्याला श्वसनीय धुळीची मर्यादा २४ तासांना ३०० आणि वर्षाला २१५ दिली गेली. त्यानंतर सुरू झालेल्या खाणींना २५० आणि १८०. म्हणजे खाणीच्या अहवालात ‘मर्यादेच्या आत’ असं लिहिलेलं असेल, तर आधी विचारावं: कुठल्या मर्यादेच्या?

याच अधिसूचनेत गावकऱ्यांच्या कामाची एक तरतूद आहे. धूळ उठणाऱ्या जागेपासून ५०० मीटरच्या आत वस्ती, बाजार किंवा कारखाना असेल, तर तिथं खाणीचं सैल मानक चालत नाही, राष्ट्रीय मानकच लागतं. कोळशाचा साठा, चाळणी, वाहतुकीचा रस्ता यांपासून आपलं शेवटचं घर किती मीटरवर आहे, हे मोजून ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं. ग्रामसभेच्या ठरावात ‘खूप धूळ येते’ या वाक्यापेक्षा ते अंतर जास्त वजनाचं ठरतं.

आणि हे सगळं मोजतं कोण? लोकांच्या मनात सरकारी गाडी, सरकारी माणूस असतो. प्रत्यक्षात खाणीभोवतीच्या नियमित मोजणीची जबाबदारी खाणीवरच आहे, तीही पंधरवड्यातून एकदा. वेस्टर्न कोलफिल्ड्ससाठी हे काम सीएमपीडीआय करत आली आहे, आणि या दोन्ही कोल इंडियाच्याच कंपन्या. प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासणी करतं, नमुने घेतं. पण रोजच्या रोज तिथं कुणी उभं नसतं. मंडळाच्या स्वतःच्या हस्तचलित केंद्रांवरही आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस मोजणी होते: गाळणकागद आधी तोलायचा, हवा ओढून झाल्यावर पुन्हा तोलायचा. पद्धत शास्त्रीय आहे. मात्र पंधरवड्यातला तो एक दिवस पावसाचा निघाला, किंवा त्या दिवशी वाहतूक बंद असली, तर अहवालात धूळ सापडणार नाही. माझ्या मते अशा पट्ट्यात स्वयंचलित केंद्र ही चैन नव्हे, ती किमान गरज आहे.

सिमेंट कारखान्याबद्दलचा समज उलटा आहे: ‘चिमणीवर यंत्र आहे, ते थेट मंडळाला जोडलेलं आहे, मग गावाची हवा मोजली जातेच.’ सिमेंटसह सतरा प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रं बसवण्याचे आदेश २०१४ मध्ये निघाले, हे खरं. पण ते यंत्र चिमणीतून निघणारा वायू मोजतं. त्याचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, गावच्या हवेचा मायक्रोग्रॅममध्ये. ३० मिलिग्रॅम म्हणजे ३०,००० मायक्रोग्रॅम. ट्रकमागे उडणारी, उघड्या ढिगावरून उठणारी धूळ तर चिमणीतून जातच नाही.

यवतमाळपुरतं आणखी एक सांगायला हवं. निर्देशांक हिरवा म्हणजे हवेत विष नाही, असं नाही. निर्देशांकात आठच घटक धरले जातात: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. कीटकनाशक त्यात नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या दिवसांत हवेचं यंत्र शेताच्या धुऱ्यावर असतं तरी त्या विषाचा पत्ता त्याला लागला नसता. तो विषय कीटकनाशक कायदा, १९६८ आणि कृषी खात्याच्या अखत्यारीत येतो. पऱ्हाटी जाळल्यावर उठणारा धूर मात्र हे यंत्र नक्की पकडतं.

‘हे अहवाल आपल्याला कोण दाखवणार?’ असंही गावागावांत ऐकू येतं. ते गोपनीय नाहीत. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या खाणीला आणि कारखान्याला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. २००६ च्या अधिसूचनेनुसार हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. प्रदूषण मंडळाकडे दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्रही जातं. माहिती अधिकारात मागताना ‘हवेचा अहवाल द्या’ एवढंच लिहिलं, तर सरासरीचा एक कागद हातात येतो. त्याऐवजी प्रत्येक नमुन्याची तारीख, यंत्र ठेवल्याची जागा आणि धुळीच्या उगमापासून तिचं अंतर, त्या दिवशीची वाऱ्याची दिशा, त्या दिवशी किती कोळसा वाहिला गेला आणि निकाल कोणत्या मानकाशी ताडला, हे स्वतंत्रपणे मागावं.