सनद मिळाली, सीनियर कुठे?

कायद्याची पदवी घेतली, राज्याच्या बार कौन्सिलकडून सनद मिळाली, की माणूस वकील होतो. पण वकिली येते ती सीनियरच्या हाताखाली. दावा कसा मांडायचा, उलटतपासणीत कुठे थांबायचे, पक्षकाराला वाईट बातमी कशी सांगायची, हे पुस्तकात नसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1995 मध्ये सनदेआधी एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले होते. कायद्याने कौन्सिलला तसा अधिकार दिलेला नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सुदीर खटल्यात ते नियम रद्द केले. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा आली, पण ती लेखी परीक्षा आहे. हाताखालचे शिक्षण सक्तीचे राहिले नाही, त्याची गरज मात्र तशीच राहिली. ती भागते ओळखीवर. म्हणूनच विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी यांना एकत्र बांधणे हा लॉ कॉलेजांसाठी स्नेहसंमेलनापुरता विषय नाही. तो समान संधीचा प्रश्न आहे.

ज्याचे वडील किंवा मामा वकील आहेत, त्याला चेंबर शोधावे लागत नाही. तालुक्याच्या गावाहून आलेल्या, घराण्यातल्या पहिल्याच वकिलाला मात्र कोणाचा दरवाजा वाजवायचा हेही ठाऊक नसते. 2008 च्या कायदा शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ती कोणाकडे करायची हे बहुतेक वेळा विद्यार्थ्याने आपले आपण पाहायचे असते. म्हणजे नियम सर्वांना सारखा, पण तो पाळण्याची साधने सारखी नाहीत. पुढे ज्युनिअर म्हणून लागल्यावर पैशांचा प्रश्न येतो. ज्युनिअरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असे बार कौन्सिलने 2024 मध्ये सुचवले, पण ती शिफारस आहे, बंधन नाही.

ही दरी प्राध्यापकांनी एकट्याने भरावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही आणि वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंतच शिकवता येते. 1855 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि एम. सी. छागला यांच्यासारखे वकिली करणारे बॅरिस्टर शिकवत असत. आंबेडकर 1935 मध्ये तिथले प्राचार्यही झाले. कोर्ट आणि वर्ग यांच्यातली ती ये-जा आज माजी विद्यार्थीच टिकवू शकतात. त्यासाठी जागाही तयार आहे. प्रत्येक लॉ कॉलेजात विधी सहाय्य केंद्र असावे, असे नियमच सांगतात. तिथे आलेल्या माणसाची हकीकत विद्यार्थी टिपतो, प्राध्यापक त्यातला कायदा तपासतो. पण विद्यार्थ्याला कोर्टात उभे राहता येत नाही आणि पूर्णवेळ प्राध्यापकालाही नाही. तिथे सनद असलेला माजी विद्यार्थीच लागतो. तिघांना एकमेकांची गरज असलेले असे काम भाषणांच्या कार्यक्रमातून उभे राहत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: असे जाळे म्हणजे 'आपल्या माणसांची' नवी टोळीच होईल. नामवंत कॉलेजांची मुले आणखी पुढे जातील, बाकीची तिथेच राहतील. धोका खरा आहे, पण जाळे न विणल्याने तो टळत नाही. ओळखीचा कारभार आजही चालतोच, फक्त दिसत नाही. उपाय उघडपणाचा आहे. कोणत्या चेंबरमध्ये जागा आहे, मानधन किती, निवड कशी होणार, हे सर्वांसमोर लागले पाहिजे आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना त्यात आधी स्थान हवे. दुसरी शंका न्यायाधीश झालेल्या माजी विद्यार्थ्यांची. त्यांनी व्याख्यान द्यावे, मूट कोर्टचे परीक्षण करावे. चालू खटल्याबद्दल मात्र तिथे बोलणे होता कामा नये. ही मर्यादा घालता येते, पाळताही येते.

कॉलेजांनी सुरुवात खर्चिक सोहळ्याने करू नये. आपले कोणते माजी विद्यार्थी कोणत्या जिल्ह्यातल्या, कोणत्या कोर्टात काम करतात, याची यादी आधी करावी आणि शेवटच्या वर्षातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातला एक सीनियर मिळवून द्यावा. वकिलीत स्थिरावलेल्यांनीही दर वर्षी एका अनोळखी घरातल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या चेंबरमध्ये जागा द्यावी.