आईचं पुरणयंत्र कुणाकडे आहे?

आई-वडील गेल्यावर कागदपत्रांचं काय करायचं हे सांगायला शंभर जण तयार असतात. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती काढा, पॅन कार्ड जपून ठेवा, एफडीला नॉमिनी कोण आहे ते बघा. सीए असतो, वकील असतो, सोसायटीचे सेक्रेटरी असतात आणि प्रत्येक घराण्यात या विषयातले सर्वज्ञ असे एक काका असतातच. पण आईचं पुरणयंत्र कुठे गेलं? बाबांचं घड्याळ कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलंय? ज्या कॅसेटवर आईचा आवाज होता ती रद्दीत तर गेली नाही ना? हे विचारायला जायचं कुठे? त्यासाठी खिडकी नाही आणि फॉर्मही नाही.

तुम्ही पंचविशी-तिशीत असाल तर हा विषय खूप लांबचा वाटेल. मलाही वाटायचा. आई २०१९ मध्ये गेली, बाबा २०२३ च्या पावसाळ्यात. बाबांना जाऊन चार महिने होताहेत तोवर कोथरूडची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. फ्लॅटचा ताबा द्यायला हातात पंधरा दिवस. दादा बंगळुरूत, मी मुंबईत भाड्याच्या वन आरकेत. तिथे गोदरेजचं कपाट उभं केलं तर मला बाहेर झोपावं लागेल. शेवटच्या दोन दिवसांत आत्या, काकू, मावशी सगळ्या पदर खोचून आल्या. ‘तुम्ही पोरं कागदांचं बघा, घराचं आम्ही बघतो,’ म्हणाल्या आणि खरंच बघितलं. बत्तीस वर्षांचा माळा दीड दिवसात रिकामा! कुणी काही ढापलं वगैरे नाही. ज्याला जे उपयोगी वाटलं ते त्याने नेलं, उरलेलं रद्दीवाला आणि भंगारवाला घेऊन गेले. आम्ही तेव्हा सोसायटीच्या ऑफिसात सह्या करत होतो.

पुढचं वर्षभर मी त्या पांगलेल्या वस्तू शोधत होते. ही गोष्ट त्याचीच.

फॅमिली ग्रुपवर टाकू नका

वस्तू नातेवाइकांकडे असेल तर ती एका फोनच्या अंतरावर असते. अडचण एवढीच की तो फोन करवत नाही. ‘आत्ताच तर आई-वडील गेले आणि हिला भांड्यांची पडलीय,’ असं कुणी म्हणेल का, ही भीती. माझ्या एका मैत्रिणीने यावर शॉर्टकट काढला. वडिलांच्या पानाच्या डब्याचा फोटो फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हा कुणाकडे आहे?’ झालं! तीन चुलतभावांना वाटलं ही वाटणी मागतेय. डबा मिळाला, पण त्या दिवाळीत दोन घरांचे फराळ एकमेकांकडे गेले नाहीत. त्यामुळे मी एकेकीला वेगळा फोन केला.

दुसरं म्हणजे, ‘आईचं काही आहे का तुझ्याकडे?’ असा मोघम प्रश्न विचारून उपयोग नाही. समोरच्याला तो आरोप वाटतो आणि त्याला काही आठवतही नाही. नेमकी वस्तू सांगावी लागते. आणि नेमकं आठवायला एक सोपी युक्ती आहे, जुने फोटो काढून बसा. माणसं सोडून त्यांच्या मागे काय दिसतंय ते बघा. दादाच्या मुंजीच्या फोटोत मागे शोकेस दिसते, एका दिवाळीच्या फोटोत ओट्यावरचा पितळी डबा दिसतो. त्या फोटोंवरून माझी सतरा वस्तूंची यादी झाली. त्यातल्या पाच मला खरोखर हव्या होत्या. बाकीच्या बारांवर शांतपणे काट मारली.

पहिला फोन काकूला. ‘काकू, आईचं पुरणयंत्र तुझ्याकडे आलंय का गं?’ पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, ‘आलंय. भांड्यांबरोबर आलं. तुला लागेल असं वाटलंच नाही. तू पुरण करतेस?’

प्रश्न अगदी वाजवी होता. मी पुरण करत नाही. मी मॅगी करते. पण त्या पितळी यंत्राच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव घातलंय, खाली ‘मामाकडून’ आणि १९९१. तिच्या लग्नातली भेट. हे काकूला सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, ते नाव मी रोज घासते. ने की. पण होळीला ये, एकदा माझ्यासमोर फिरव, मग ने.’ मी गेले. तिने डाळ शिजवली, मी यंत्र फिरवलं. संध्याकाळी दंड भरून आले आणि पुरणयंत्र दादर स्टेशनला उतरलं.

भांड्यांवर नावं घालायची ही आपली पद्धत किती कामाची आहे हे मला जुन्या बाजारात कळलं. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा हा बाजार बहुतेकांना स्वस्त स्पॅनर आणि जुन्या कॅमेऱ्यांसाठी माहीत असतो. तिथे पितळी तांब्यांच्या ढिगासमोर बसलं की नुसती नावं वाचत राहावंसं वाटतं. कुणाची तरी मंगळागौर, कुणाची तरी मुंज. आमचं काहीच तिथे सापडलं नाही, पण बाहेर पडताना बाजीराव रस्त्यावरच्या केळकर म्युझियमची आठवण झाली. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्री असल्या घरातल्याच वस्तू आयुष्यभर जमवल्या, १९७५ मध्ये तो संग्रह सरकारला दिला आणि त्याला नाव दिलं ते लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. शाळेच्या ट्रिपला गेलो होतो तेव्हा ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. सांगितली असती तरी सातवीत आम्हाला काय कळली असती म्हणा.

शालू

एक वस्तू परत आली नाही. आईचा लग्नातला शालू. घडीवर विरला होता, पदराशी फाटलाही होता. आवरताना कुणीतरी म्हणालं, आता हा कोण नेसणार, आणि तो जुनी जरी विकत घेणाऱ्याकडे गेला. खऱ्या जरीत चांदीची तार असते. हे लोक साडी जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. मी दुकान शोधून काढलं तेव्हा दोन महिने उलटले होते. दुकानदार भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्पष्ट सांगितलं, ‘ताई, आमच्याकडे साडी आठ दिवससुद्धा राहत नाही.’

म्हणून सांगते, रद्दी, भंगार आणि जरी या तीन ठिकाणी गेलेल्या वस्तूंसाठी आधी धावा. नातेवाइकांकडची वस्तू वर्षभर थांबते. रद्दीवाल्याकडची वही पुढच्या टेम्पोबरोबर निघून जाते. सुती साड्या मात्र आत्याने बोहारणीला दिल्या नव्हत्या, गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्यांच्या दोन गोधड्या शिवून घेतल्या, एक दादाला, एक मला.

पाकिटातल्या चिठ्ठ्या

आता जे सांगणार आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं. गेलेल्या माणसाच्या सगळ्या वस्तू घरात नसतात. काही दुरुस्तीला गेलेल्या असतात. घड्याळजी, शिंपी, फ्रेमवाला, बाइंडर, पॉलिशला दिलेली चांदीची भांडी ठेवणारा सराफ. तेव्हा पाकीट, डायरी, शर्टाचे खिसे, स्कूटरची डिकी हे सगळं नीट तपासा. बाबांच्या पाकिटात, बसच्या तिकिटांमागे, एक पिवळी चिठ्ठी होती. वर फक्त नंबर आणि ‘एचएमटी, चावी’.

हे घड्याळ आजोबांनी बाबांना दहावी पास झाल्यावर दिलं होतं. एचएमटीने १९६१ मध्ये घड्याळं करायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा घड्याळांचा उद्योग बंद करायला मंजुरी दिली, तरी जुन्या घड्याळजींकडे अजून त्याचे सुटे भाग निघतात. आमच्या घड्याळजींकडे तर अख्खं घड्याळच निघालं. आठ महिने त्यांनी ते पाकिटात घालून ठेवलं होतं. ‘साहेब येतील म्हणून ठेवलं,’ म्हणाले. मी सांगितल्यावर ते बराच वेळ भिंग डोळ्याला लावून उगीचच दुसरं एक घड्याळ बघत राहिले. पैसे घेतले नाहीत. ‘चावी रोज एकाच वेळेला द्या,’ एवढंच म्हणाले.

लॉकर आणि सोनंतारण यांच्या पावत्याही याच पाकिटात सापडतात. लॉकरला नॉमिनी असेल तर काम सोपं. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यानुसार सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. लॉकर साक्षीदारांसमोर उघडतात, आतल्या वस्तूंची यादी करतात. मात्र नॉमिनीच्या हातात वस्तू आल्या म्हणजे त्या त्याच्या झाल्या असं नाही, वारसांचा हक्क राहतोच. तारण ठेवलेल्या दागिन्याचं जास्त टेन्शन घ्या. कर्ज फेडून वारसाला तो सोडवता येतो, पण हप्ते थकले तर लिलावाची नोटीस जाते ती जुन्या पत्त्यावर. आणि जुन्या पत्त्यावर आता जेसीबी उभा असतो! पावती सापडली की त्याच दिवशी शाखेत जाऊन नवा पत्ता आणि फोन नंबर देऊन या.

स्कूटर चालवायची असेल तर तिचंही बघा. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची. बाबांची डिकी मी बघितली. त्यात दोन हातमोजे आणि खडीसाखर होती.

आवाज

आपल्या पिढीसाठी सगळ्यात मोठा ठेवा फोनमध्ये असतो आणि तो सगळ्यात लवकर जातो. बिल वाचवायचं म्हणून आई-वडिलांचं सिम लगेच बंद करू नका. नंबर बंद झाला की किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि मग ‘आई’ या नावापुढे एखाद्या अनोळखी पोराचा गॉगल घातलेला डीपी येतो. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर डिलीट होतं. गूगलचं दोन वर्षांनी. त्याआधी व्हॉइस नोट आपल्या फोनमधून एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. बाबांच्या माझ्याकडे एकशे चाळीस आहेत. बहुतेकांत ते फक्त ‘पोचलीस का?’ विचारतात.

आई त्या अर्थाने जुन्या जगातली. तिचा आवाज एका कॅसेटवर होता, साधारण २००० सालची, मी तीन वर्षांची असतानाची. मी बडबडगीत म्हणतेय आणि ती मागून सांगतेय, एवढं मला आठवत होतं. टेपरेकॉर्डर आवराआवरीत घरी कामाला येणाऱ्या मावशींना दिला होता. त्यांच्याकडे गेले तर कॅसेट चक्क आतच! टेपरेकॉर्डर अर्थातच मागितला नाही, दिलेलं ते दिलेलं. त्यांनी बटण दाबून वाजवून दाखवायची तयारी केली तेव्हा मात्र मी जवळजवळ ओरडलेच.

कारण जुनी कॅसेट अशी एकदम वाजवायची नसते. खिडकीतून फितीच्या कडा बघा. पांढरट पावडर दिसली तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. ती साफ करायच्या आधी मशीनमध्ये घातली तर फीत गुंतते किंवा तुटते. तुटलेली फीत जोडता येते, खराब झालेल्या कॅसेटमधली फीत दुसऱ्या कव्हरमध्ये बसवता येते, पण ते हे काम जाणणाऱ्याकडे द्या. चांगल्या कॅसेटचं घरी करायचं तर डेकचा लाइन आउट कंप्युटरला जोडायचा आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करायचं. तासाच्या कॅसेटला तासच लागतो. फोटोंचंही तेच. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, मागून दात साफ करायचा फ्लॉस अलगद फिरवा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा. आणि निगेटिव्ह अजिबात टाकू नका.

आमच्या कॅसेटवर नंतर कुणीतरी रेडिओवरची गाणी भरली होती. पंचावन्न मिनिटं गाणी. एका बाजूच्या शेवटी, गाणं मध्येच तुटून, चाळीस सेकंद आम्ही दोघी. मी काहीच म्हणत नाहीये. ती म्हणतेय, ‘अगं बोल ना, लाजतेस काय? बोल. बरं, मी म्हणू का आधी?’ आणि कट.

मी ती फाइल दादाला पाठवली. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी रात्री साडेअकराला मेसेज आला, ‘मागे कुकर ऐकलास का? तीन शिट्ट्या झाल्या.’