फोनच्या कॅमेऱ्यातलं 'एफ १.८' नक्की काय सांगतं?

फोन घ्यायला गेलं की दुकानदार मेगापिक्सेल ठणकावून सांगतो, पण बारीक अक्षरात छापलेल्या 'एफ १.८'बद्दल कुणीच बोलत नाही. म्हणून आज मी बोलतो. पैसे मोजण्याआधी हा आकडा कळायला हवा, कारण तो जरा फसवा आहे.

अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातून प्रकाश आत यायचं भोक. मोठ्या कॅमेऱ्यात त्याच्याभोवती पातळ पात्यांचं कडं असतं. पाती आत सरकली की भोक लहान, बाहेर गेली की मोठं. आपल्या डोळ्यातली बाहुली हेच करते. भर उन्हात साधारण २ मिमी, अंधारात तरुण डोळ्यांत ७-८ मिमी.

आता गणित. फोकल लेंग्थला भोकाच्या व्यासाने भागलं की एफ नंबर मिळतो. भागाकार आहे, म्हणून आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ २ वरून एफ ४ वर गेलात तर प्रकाश निम्मा नाही, चौथाई होतो, कारण हिशोब क्षेत्रफळाचा.

फसगत कुठे होते बघा. ५० मिमीच्या लेन्सवर एफ १.८ म्हणजे जवळपास २८ मिमीचं भोक. फोनची लेन्स ७ मिमीची धरली, तर भोक ४ मिमीसुद्धा नाही! सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर उजेड तितकाच पडतो, पण सेन्सरच इवलासा. रात्रीचे फोटो दाणेदार येतात ते त्यामुळे. तेव्हा सेन्सरचा आकारही बघा. तो '१/१.३' असा लिहितात. भागिलेनंतरचा आकडा लहान, तर सेन्सर मोठा. आणि पोर्ट्रेट मोडमधलं धूसर बॅकग्राउंड? ते बहुतांशी सॉफ्टवेअरचं काम. कानाजवळच्या बटा उगाच गायब होतात ना, तेच.

बहुतेक फोनमध्ये हे भोक बदलताच येत नाही. सॅमसंगने २०१८ च्या गॅलेक्सी एस ९ मध्ये एफ १.५ आणि २.४ अशी दोन मापं दिली होती. एस २० मध्ये ती सोय काढून टाकली. मग भर दुपारी फोन प्रकाश आवरतो कसा? शटरचा वेग वाढवून. फोटोला ते चालतं. व्हिडिओत मात्र धबधब्याचं पाणी तुटक-तुटक दिसतं. त्यावर उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सला घातलेला गॉगल. तो लावलात तर शटरचा वेग प्रो मोडमध्ये स्वतः कमी करून ठेवा.