लघवी अर्धवट होण्याचा त्रास : भगिनींनी काय जाणून घ्यावे

लघवी करून आले तरी पुन्हा जावेसे वाटते, धार बारीक पडते, जोर करावा लागतो. ही तक्रार कित्येक भगिनींची असते. परंतु ती घरात सांगितली जात नाही, मग डॉक्टरांचे तर नावच नको. "वयोमानाने व्हायचेच" असे म्हणून दिवस काढले जातात. इकडे आत उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, जळजळ व ताप वारंवार येतो आणि दुखणे फार लांबले तर मूत्रपिंडे बिघडू शकतात.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी होय. तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पिशवी आवळली जाणे आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल पडणे, या दोन्ही क्रिया जुळल्या तरच ती रिकामी होते. जुन्या मधुमेहात पिशवी भरल्याची जाणीवच कमी होते. अंग बाहेर येत असेल तर मूत्रमार्ग मुडपतो. बद्धकोष्ठ, मणक्याचे दुखणे, सर्दीच्या काही गोळ्या हीसुद्धा कारणे आहेत. बाळंतिणीला सहा तासांत लघवी झाली नाही तर नर्सबाईंना लगेच सांगावे.

एक कारण मात्र शरीराबाहेरचे आहे. बाजारात दिवसभर बसणाऱ्या किंवा एस.टी.ने लांबचा प्रवास करणाऱ्या स्त्रिया नागपूरच्या मे महिन्यातही पाणी टाळतात, लघवी रोखतात. कारण जागा नसते, असली तर पाय ठेववत नाही. तेथे अर्धवट वाकून घाईने उरकले की स्नायू आवळलेलेच राहतात. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांबाबत आदेश दिले. विद्यार्थिनींनी तो निकाल अवश्य वाचावा.

घरी नीट बसून, सावकाश, जोर न करता लघवी करावी. झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. पाणी तोडू नये. मेडिकल किंवा मेयोत जाऊन लघवी व साखर तपासावी. लघवीनंतर लगेच सोनोग्राफी केली की किती उरते ते कळते. ५० मिलिलिटरच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. अंग बाहेर येत असेल तर आधाराची रिंग बसवतात. काहींना दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच बारीक नळी घालून लघवी काढावी लागते. ऐकून भीती वाटते, पण साबणाने हात धुऊन हे शिकता येते. १९७२ पासून जगभर ही पद्धत रूढ झाली आहे.

लघवी अजिबात बंद होऊन ओटीपोट फुगले, किंवा मांड्यांमधला भाग बधिर होऊन पायांतले बळ गेले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.