भाजणीचा धंदा : एका शेतकरी घराण्याची हकीकत

कॉफी हे आपल्या धाराशिवकडील पीक नव्हे. तथापि ती भाजून विकणाऱ्या एका घराण्याची हकीकत शेतकरीवर्गास उपयोगी वाटेल, म्हणून येथे देत आहोत.

इटली देशातील मुरिसेंगो या खेड्यात, शेतकरी कुळात, लुइजी लावात्सा यांचा जन्म १८५९ साली झाला. शेतीवर निर्वाह होईना, तेव्हा ते तुरीन शहरी गेले व १८९५ साली त्यांनी किराणा मालाचे दुकान घेतले. परदेशांतून आलेली कच्ची कॉफी ते स्वतः भाजून विकीत. भाजताना शेकडा १५ ते २० भाग वजन घटते, आणि आच जरा अधिक लागली की माल कडू होतो.

परंतु खरे मर्म मिश्रणात होते. पीक दरसाल सारखे उतरत नाही. पैसेवारीची पत्रके लिहिण्यात ज्यांची नोकरी सरली त्या आम्हांस हे कोणी सांगावयास नको! लुइजी यांनी निरनिराळ्या मुलखांची कॉफी ठराविक प्रमाणात मिसळून गिऱ्हाइकास एकच चव राखून दिली. आमच्या तेरखेड्याच्या फटाक्यांतही प्रमाण हेच मुख्य भांडवल असते.

१९२७ साली पत्नी व मुले यांसह त्यांनी कंपनी स्थापिली. १९४९ साली ते वारले. पुढे नातू एमिलिओ यांनी व्यापार वाढविला. आज चौथी पिढी कारभार पाहते.

एक गोष्ट मात्र मनास लागते. डब्यावर भाजणाऱ्याचे नाव असते; पिकविणाऱ्याचे सहसा नसते. आपली तूरही डाळमिलीत कच्चीच जाते.