किडनीचा आजार, पण लक्ष हृदयाकडेही हवं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतेय.

आजचं नाव जरा जड आहे: हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, थोडक्यात एचयूएस. हा जास्त करून ५ वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. सुरुवात जुलाबाने होते, बऱ्याचदा शीतून रक्त पडतं. ई. कोलाय जिवाणूचे काही प्रकार 'शिगा' नावाचं विष तयार करतात. ते बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतं. तिथे गुठळ्या होतात, तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट्स घटतात आणि किडनी काम सोडते. अर्जेंटिनात लहान मुलांमध्ये याचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे. आपल्याकडे आणखी एक प्रकार बराच दिसतो. त्यात सहसा जुलाब नसतात, शरीराने स्वतःविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडीमुळे आजार होतो.

आता तुम्ही म्हणाल, यात हृदय कुठून आलं?

बघा, बारीक रक्तवाहिन्या काही फक्त किडनीत नसतात. हृदयाच्या स्नायूतही असतात. तिथे गुठळ्या झाल्या की स्नायूला रक्त कमी पडतं. दुसरं, लघवी होत नाही म्हणून पाणी अंगात साठतं, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. तिसरं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, त्याने ठोके बिघडतात, अगदी थांबूही शकतात. त्यात हिमोग्लोबिन घसरलेलं, म्हणजे तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला दुप्पट धावपळ. कधी हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणीही होतं.

असं प्रत्येक मुलाला होत नाही, कमीच जणांना होतं. पण झालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर ईसीजी, इको आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी सांगतात. 'किडनीच्या आजारात हृदयाची तपासणी कशाला?' असं वाटलं, तर हे कारण लक्षात ठेवा. सलाईन मोजून देणं, रक्त सावकाश चढवणं, वेळेवर डायलिसिस करणं, हे सगळं हृदयालाही वाचवतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभराने, ते थांबत आले की घरात सगळे म्हणतात, 'चला, सुटलो!' एचयूएस नेमका तेव्हा डोकं वर काढतो. मूल पांढरंफटक दिसतंय, लघवी कमी झालीय, चेहरा सुजलाय, झटका आला, किंवा स्वस्थ पडलेलं असूनही धाप लागतेय, छाती धडधडतेय, तर सकाळची वाट बघू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. रक्ताचे जुलाब असतील तर जुलाब थांबवणारी गोळी किंवा अँटिबायोटिक मनाने देऊ नका.

वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं यातून बरी होतात. पुढे काही वर्षं रक्तदाब आणि लघवीची तपासणी मात्र चुकवायची नाही.

घरात, शेजारी लहान मूल असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!