जाड पत्र्याचा भरवसा

गाडीच्या दारावर बोटांनी टकटक करून ‘हल्ली पत्राच राहिला नाही’ असं म्हणणारे जाणकार आपल्याकडे घरोघरी भेटतात. निरीक्षण खोटं नाही. अ‍ॅम्बॅसेडरचं दार धप्पदिशी लागायचं, आणि आताच्या गाडीला साध्या दुचाकीचा धक्का लागला तरी पोचा पडतो. पण त्यावरून मोठ्या अपघातात जुनी गाडीच माणसाला तारेल असा जो निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे आणि जिवावर बेतणारा आहे.

अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने 2009 मध्ये हा वाद प्रयोगाने तपासला. 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू, दोन्ही ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. धडक चालकाच्या बाजूला होती. वजनात फार तफावत नव्हती. मालिबूचं नाक पार चुरडलं, पण चालकाची जागा शाबूत राहिली. तिथे खरा माणूस असता तर पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावलं असतं. बेल एअरमध्ये मात्र डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग मागे सरकून चालकाच्या जागी बसवलेल्या बाहुल्याच्या अंगावर आले, बसायची जागाच आक्रसली. पट्टा नाही, एअरबॅग नाही. तो चालक वाचला नसता.

जुनी गाडी फार टणक होती म्हणून माणूस मेला, हे नेहमीचं स्पष्टीकरणही इथे अपुरं पडतं. बेल एअर चेपलीच, पण चेपू नये तिथे चेपली. धडकेत वेग शून्यावर यायचाच. प्रश्न एवढाच की तो किती अंतरात येतो. ताशी 64 किलोमीटरवरून शरीर 10 सेंटिमीटरऐवजी 60 सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर त्याच्यावरचं सरासरी बल एक षष्ठांश होतं. म्हणून पुढचा भाग मुद्दाम चुरडणारा, माणसांभोवतीचा पिंजरा अतिकणखर पोलादाचा, आणि माणसाला त्या पिंजऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, अशी आजच्या गाडीची रचना असते. बेला बारेनी यांची चुरडणाऱ्या भागाची कल्पना मर्सिडीजने आणि नील्स बोलीन यांचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्हॉल्वोने गाड्यांत आणला तो 1959 मध्येच. म्हणजे ही बेल एअर ज्या वर्षीचं मॉडेल, त्याच वर्षी उत्तर तयार होतं. बहुतेक कारखान्यांनी ते उचलायला फार वेळ लावला.

बेल एअरची चौकट इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराची, बाजूंना कमकुवत होती, दुसरी जुनी गाडी घेतली असती तर निकाल बदलला असता, असा आक्षेप घेतला जातो. तो काही अंशी रास्त आहे. चौकट बदलली असती तर पिंजरा कदाचित कमी आक्रसला असता. पण छातीसमोरचा ताठ स्टिअरिंगचा दांडा आणि पट्ट्याविना मोकळं शरीर त्या काळच्या बहुतेक गाड्यांत सारखंच होतं. खर्चाचा आक्षेप त्याहून खरा आहे. जुना बंपर गॅरेजात ठोकून सरळ व्हायचा. आज छोट्या धडकेत बंपर, दिवा, सेन्सर सगळंच बदलावं लागतं. ही किंमत मालकाच्या खिशातून जाते आणि ती बोचते. मात्र धडकेचा भार गाडीने सोसावा की बरगड्यांनी, एवढीच निवड असेल तर बिल परवडलं.

नवी गाडी म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही मानू नये. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2014 मध्ये अल्टो, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो या भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेलं आदळवली, तेव्हा पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. चारच वर्षांनी टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले. ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे. गाडी घेताना दारावर टकटक करण्याऐवजी त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागावा, आणि मागच्या सीटवरच्या माणसांनीही पट्टा लावावा. पिंजरा कितीही मजबूत असला तरी मोकळं शरीर त्याच्या आत आपटतंच.